एकाच साउंड कार्डाला स्पीकर आणि हेडफोन दोन्ही जोडलेत, पण आवाज बिघडतोय

मंद्रस्वर

नमस्कार मंडळी,

मी घरच्या कॉम्प्युटरवर श्राव्य पुस्तकांचं संकलन करतो. निवेदक वाचन रेकॉर्ड करून पाठवतात. मी चुका कापतो, श्वास दाबतो, आवाजाची पातळी सारखी करतो. दिवसा स्पीकरवर ऐकतो, घरातले झोपले की हेडफोन चढवतो. शिवाय एकच वाक्य दोन्हींवर तपासावं लागतं. ओठांची चुटचुट, पान उलटल्याची सळसळ हेडफोनवर लगेच सापडते, स्पीकरवर ती निसटते. उलट, आवाज खोलीत कसा बसतो हे हेडफोनवर कळत नाही.

कॅबिनेट टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून. मागे हिरवं सॉकेट एकच. दिवसातून दहा-बारा वेळा टेबलाखाली शिरून पिन काढायची, दुसरी घालायची. त्यात सॉकेट सैल झालं. आता पिन जरा हलली की डावी बाजू बंद पडते.

म्हणून साधी वाय केबल आणली. एका टोकाला पिन, दुसऱ्या टोकाला दोन सॉकेटं. एकात स्पीकर, एकात हेडफोन. जोडताच दोन्हीकडे आवाज आला, मी खूश. पण दोन गोष्टी खटकल्या. हेडफोन लावला की स्पीकरचा आवाज एकदम उतरतो, काढला की पुन्हा चढतो. आणि हेडफोनवर निवेदकाचा आवाज पातळ लागतो, छातीतून येणारा भरदारपणाच नाही.

मला वाटलं रेकॉर्डिंगच तसं झालंय. सात प्रकरणांना इक्वलायझरमध्ये खालचे स्वर उचलून दिले. परवा निवेदकांनी ती फाईल दुसरीकडे ऐकली आणि त्यांचा फोन आला, "माझा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा का येतोय?" सातही प्रकरणं पुन्हा करायची आहेत.

दोष वाय केबलचा, कार्डाचा की हेडफोनचा? आणि दोन्ही कायमचे जोडून ठेवायची नीट पद्धत कोणती?

दोनतारी

वाय केबलनं काही जळलेलं नाही, आधी ती भीती काढून टाका. एका आउटपुटातून दोन ठिकाणी सिग्नल नेणं चालतं. तुमच्याकडे गडबड झाली ती दोन पाहुण्यांची भूक सारखी नसल्यामुळे.

स्पीकर विजेवर चालणारे असतील, म्हणजे त्यांच्या पोटात स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असेल, तर त्यांच्या इनपुटचा इम्पीडन्स, म्हणजे करंटला होणारा रोध, साधारण १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. ते कार्डाकडून जवळजवळ काहीच करंट घेत नाहीत, फक्त व्होल्टेज किती आहे ते बघतात. हेडफोनचं तसं नाही. बहुतेक हेडफोन १६ ते ३२ ओहमच्या आसपास असतात आणि आतला पडदा हलवायची सगळी ताकद त्यांना कार्डाकडूनच हवी असते.

आता कार्डाच्या आउटपुटला आतून स्वतःचा रोध असतो. लाइन आउटला तो १०० ओहम धरा. नुसते स्पीकर असताना १०,१०० पैकी १०,००० ओहम बाहेर, म्हणजे ९९ टक्के व्होल्टेज स्पीकरला मिळतं. ३२ ओहमचा हेडफोन लावलात की १३२ पैकी ३२, म्हणजे जेमतेम चौथाई उरतं. डेसिबलमध्ये सुमारे १२ची घट. वाय केबलमुळे दोघं एकाच ठिकाणी जोडलेले, त्यामुळे हेडफोननं खाली ओढलेलं व्होल्टेजच स्पीकरलाही मिळतं. स्पीकर उतरतो तो यामुळे.

तुमचा हेडफोन किती ओहमचा आहे? आणि ते मागचं सॉकेट नुसतं लाइन आउट आहे की हेडफोनसाठीही आहे, मदरबोर्डाच्या माहितीपुस्तकात पाहून सांगाल का?

मंद्रस्वर

हेडफोनच्या खोक्यावर ३२ ओहम लिहिलंय. माहितीपुस्तकात मागच्या हिरव्या सॉकेटापुढे फक्त लाइन आउट. हेडफोनचा उल्लेख समोरच्या पॅनेलच्या भागात आहे, पण माझ्या कॅबिनेटची समोरची सॉकेटं पहिल्या दिवसापासून मुकीच आहेत, म्हणून तिकडे कधी वळलोच नाही.

आवाज उतरण्याचं कारण पटलं. पण पातळ का होतो? उतरायचा तर सगळाच सारखा उतरायला हवा ना?

सोल्डरगन

हा प्रश्न नेमका आहे आणि तुमच्या सात प्रकरणांचं उत्तर इथेच आहे.

बऱ्याच कार्डांत आउटपुटच्या वाटेवर प्रत्येक चॅनेलला एक कपॅसिटर बसवलेला असतो. डीसी व्होल्टेज बाहेर जाऊ नये म्हणून तो लागतो. पण कपॅसिटर आणि पुढचा रोध मिळून एक गाळणी तयार होते. ती एका ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचे स्वर अडवते. ती फ्रिक्वेन्सी काढायची तर १ला २π, रोध आणि कपॅसिटर यांच्या गुणाकारानं भागायचं.

समजा कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा आहे. लाइन आउटसाठी तेवढा पुरतो, कारण समोर १० हजार ओहमचा स्पीकर असला तर गाळणी दीड-दोन हर्ट्‌झला लागते. ते कुणालाच ऐकू येत नाही. त्याच जागी हेडफोन लावा. १०० अधिक ३२, एकूण १३२ ओहम. आता गाळणी लागते १२० हर्ट्‌झला. तिथे आवाज ३ डेसिबल खाली आलेला असतो आणि त्याखाली प्रत्येक सप्तकाला आणखी ६ डेसिबल या हिशोबानं उतरत जातो.

बोलणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. म्हणजे तुमच्या निवेदकांच्या आवाजाचा पायाच गाळणीत अडकला. वरचे स्वर सुटून आले, म्हणून शब्द स्पष्ट आणि आवाज पातळ. रेकॉर्डिंगमध्ये खोट नव्हती. खोट तुमच्या कानापर्यंतच्या वाटेत होती, आणि ती तुम्ही फाईलमध्ये दुरुस्त केलीत.

हेडफोनसाठी बनवलेल्या आउटपुटात हा कपॅसिटर १०० किंवा २२० मायक्रोफॅरडचा घालतात, किंवा तो लागूच नये अशी रचना करतात. आतला रोधही कमी ठेवतात. म्हणून सॉकेट दिसायला तेच असलं तरी लाइन आउट आणि हेडफोन आउट हे दोन वेगळे प्राणी आहेत. पिन बसते म्हणजे जोडणी बरोबर आहे असं नसतं.

मंद्रस्वर

सोल्डरगन, वाचून अंगावर काटा आला. सात प्रकरणं मी चांगल्या रेकॉर्डिंगवर औषध घालत बसलो होतो. आत्ताच पडताळून पाहिलं. त्याच फाईलमधला मूळ तुकडा, वाय केबल काढून, हेडफोन फोनच्या सॉकेटात लावून ऐकला. आवाज भरदार आहे. पहिल्या दिवसापासून भरदार होता.

रात्रीची वेळ

तुमची अडचण वाचून माझा प्रश्नही इथेच विचारतो. माझ्याकडे लॅपटॉप आहे, सॉकेट एकच. त्याला मीही एक वाय केबल लावली. स्पीकरवर आवाज येतो, हेडफोन मात्र पूर्ण बंद. केबल दोनदा बदलली, तेच.

दोनतारी

केबलच्या पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा.

दोन रेघा असतील तर पिनेचे तीन भाग होतात: टोक डावा चॅनेल, मधला भाग उजवा, बुडाचा भाग सामाईक जमीन. तीन रेघा असतील तर भाग चार, आणि चौथा माइकसाठी. बहुतेक आधुनिक उपकरणांत बुडाचा भाग माइकचा आणि त्याच्या वरचा जमिनीचा असतो. हीच सीटीआयए जोडणी. जुन्या काही फोनांत हे दोन उलट असायचे, त्याला ओएमटीपी म्हणायचे.

दोन प्रकारच्या वाय केबली दिसायला अगदी जुळ्या असतात. एक दोघांनी ऐकण्यासाठी, दोन्ही सॉकेटांत तोच आवाज. दुसरी हेडसेटसाठी, एका सॉकेटात हेडफोन आणि दुसऱ्यात माइक. तुम्ही बहुतेक दुसरी घेतलीय आणि हेडफोन माइकच्या सॉकेटात घातलाय. सॉकेटाजवळ माइकचं छोटं चित्र कोरलेलं दिसेल.

रात्रीची वेळ

तीन रेघा आहेत. आणि हो, बोटानं चाचपल्यावर माइकचं चित्र सापडलं. काळ्यावर काळं कोरलंय, दिवा धरल्याशिवाय दिसत नाही.

कर्णवेध

जमिनीच्या जोडणीवरून एक गोष्ट सांगते, कधीतरी कुणाच्या उपयोगी पडेल. गाणं लावलंय, वाद्यं येताहेत, पण गायकाचा आवाजच गायब किंवा विहिरीच्या तळातून आल्यासारखा. अशा वेळी लोक फाईल बदलतात, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. बहुतेकदा पिन अर्धवट बसलेली असते किंवा सीटीआयए आणि ओएमटीपीची गल्लत झालेली असते. सामाईक जमीन तुटली की डावा आणि उजवा हेडफोन एकमेकांतून जोडले जातात आणि कानाला फक्त दोन चॅनेलमधला फरक ऐकू येतो. गायक दोन्ही चॅनेलमध्ये सारखाच असतो, त्यामुळे तो वजा होतो. निवेदन तर पूर्ण मोनोच असतं, म्हणजे मंद्रस्वर यांच्याकडे असं झालं तर जवळजवळ शांतताच ऐकू येईल.

पिन शेवटपर्यंत दाबा, 'टक्' झालं पाहिजे.

सोल्डरगन

मंद्रस्वर, आता तुमच्या मुक्या पॅनेलकडे वळू, कारण उपाय तिथेच असावा असं मला वाटतंय. कॅबिनेट उघडायची तयारी आहे का? मशीन बंद करून, पॉवर केबल भिंतीतून काढून.

समोरच्या सॉकेटांपासून एक बारीक केबल निघते आणि तिच्या टोकाला छोटा चौकोनी कनेक्टर असतो. तो मदरबोर्डावरच्या पिनांवर बसतो. दोन ओळी, पाच-पाचच्या, त्यातली आठव्या जागेची पिन मुद्दाम नसते, म्हणजे कनेक्टर उलटा बसू नये. त्या पिना बहुतेक बोर्डांवर मागच्या सॉकेटांजवळच्या कोपऱ्यात, खालच्या कडेला असतात. शेजारी 'एफ ऑडिओ' किंवा 'एफ पॅनेल ऑडिओ' असं काहीतरी छापलेलं सापडेल.

काही केबलींना दोन कनेक्टर असतात. एकावर 'एचडी ऑडिओ', दुसऱ्यावर 'एसी ९७'. एसी ९७ हा इंटेलचा १९९७चा जुना प्रमाण, त्याच्या जागी २००४ साली एचडी ऑडिओ आला. पिना तितक्याच, बसतोही कुठलाही, पण काम वेगळं. एसी ९७मध्ये मागच्या सॉकेटाकडे जाणारा आवाज समोरच्या सॉकेटातून वळसा घालून जायचा. समोर पिन घातली की आतली पत्ती सरकायची आणि मागचे स्पीकर बंद. सगळं यांत्रिक. एचडी ऑडिओत समोर आणि मागे वाटाच वेगळ्या असतात, समोर पिन घातल्याची फक्त वर्दी दिली जाते आणि पुढे काय करायचं ते ड्रायव्हर ठरवतो. त्यामुळे तुमचं काम एचडी ऑडिओनंच होईल.

कर्णवेध

पॅनेलचं जमलं नाही तर आणखी एक ठिकाण पाहा. टेबलावरच्या बऱ्याच स्पीकरांच्या पुढच्या बाजूला, व्हॉल्यूमच्या शेजारी हेडफोनचं सॉकेट असतं. तिथे हेडफोन लावला की स्पीकर आपोआप गप्प. हाताशी असतं, टेबलाखाली जायला नको. फक्त त्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायरची सळसळ हेडफोनवर ऐकू येते का ते रात्रीच्या शांततेत तपासा. बारीक संकलनासाठी मला ते चाललं नाही, एरवी ऐकायला उत्तम.

जुनी वायर

मी एक लाकडी डबी बनवून हेच काम भागवलंय. सहा टोकांचा डीपीडीटी स्विच घ्यायचा, तीन-तीनच्या दोन ओळींचा. दोन्ही ओळींच्या मधल्या टोकांना कॉम्प्युटरकडून येणारा डावा आणि उजवा. एका बाजूच्या दोन टोकांना स्पीकर, दुसऱ्या बाजूच्या दोन टोकांना हेडफोन. तिन्ही केबलींची जमीन एकत्र जोडून टाकायची, ती स्विचमधून न्यायची गरज नाही. मध्ये थांबणारा स्विच मिळाला तर मधल्या जागी दोन्ही बंद, फोन आला की उपयोगी पडतो.

यात एका वेळी एकच जोडलेलं राहतं, त्यामुळे हेडफोन स्पीकरला खाली ओढत नाही.

सोल्डरगन

डबी छान आहे, पण यांच्या बाबतीत ती लाइन आउटवर लावली तर स्पीकर वाचतील आणि हेडफोन पातळच राहील. १२० हर्ट्‌झची गाळणी तशीच. डबीच्या आधी हेडफोनचं खरं आउटपुट हवं.

जुनी वायर

बरोबर. माझ्या कार्डाचं आउटपुट हेडफोनचंच आहे, ते लिहायचं राहिलं.

निवांत श्रोता

धाग्यात विचारून घेतो. माझं उलटं आहे. स्पीकर एक, कॉम्प्युटर दोन. दोघांची आउटपुटं वाय केबलनं एकत्र करून एकाच स्पीकरला दिली. चालतंय, पण आवाज कमी आणि जरा फाटलेला.

सोल्डरगन

ती केबल आजच काढा. एक आउटपुट दोन इनपुटांना देणं ठीक, दोन आउटपुटं एकमेकांना जोडणं चूक. पहिला कॉम्प्युटर व्होल्टेज वर नेत असतो तेव्हा दुसरा ते शून्याला धरून ठेवतो. दोघं एकमेकांच्या अंगात करंट ढकलतात. आतला रोध असल्यानं लगेच जळत नाही इतकंच, पण आवाज उतरतो आणि विकृती येते. तुम्हाला मिक्सर हवा किंवा 'जुनी वायर' यांची डबी उलटी करून वापरा. तीच डबी दोन इनपुटं आणि एक आउटपुट अशीही चालते.

आणि हे सगळ्यांसाठी: ज्या स्पीकरांना स्वतःची वीज लागत नाही, मागे नुसत्या लाल-काळ्या वायरी असतात, ते ४ किंवा ८ ओहमचे असतात. ते साउंड कार्डाला थेट लावू नका. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागतोच.

मंद्रस्वर

कॅबिनेट उघडलं!

समोरच्या सॉकेटांची केबल सापडली. ती कशालाच जोडलेली नव्हती. हार्ड डिस्कच्या कप्प्यामागे गुंडाळी करून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधून ठेवली होती. ज्यांनी मशीन जुळवून दिलं त्यांनी ती जोडलीच नाही, आणि मीही इतकी वर्षं विचारलं नाही. टोकाला दोन कनेक्टर, सांगितलंत तसेच. एचडी ऑडिओवाला आठवी जागा पाहून बसवला. घट्ट होता, दोन बोटांनी हलकेच दाबल्यावर बसला.

समोर हेडफोन लावला आणि आवाज आला. भरदार! त्याच निवेदकांचं तिसऱ्या प्रकरणातलं पहिलं वाक्य, इक्वलायझर बंद करून. खालचा स्वर जिथे हवा तिथे आहे.

आता दोन अडचणी. समोर हेडफोन लावला की मागचे स्पीकर बंद होतात. आणि हेडफोनवर एक बारीक चिरचिर येते, माउस हलवला की तिचा सूर बदलतो.

दोनतारी

पहिली अडचण ड्रायव्हरची. विंडोज आणि रिअलटेकची ध्वनीची चिप असेल तर त्याचं ध्वनीचं पॅनेल उघडा, 'डिव्हाइस अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' शोधा. तिथे साधारणपणे दोन पर्याय मिळतात. एक, समोर हेडफोन लावल्यावर मागचं आउटपुट गप्प करा. दुसरा, समोर आणि मागे दोन स्वतंत्र प्रवाह वाजवा.

दुसरा निवडलात तर विंडोजला ती दोन वेगळी उपकरणं दिसतात, दोघांचा व्हॉल्यूम स्वतंत्र. घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चित्रावर टिचकी मारून हवं ते उपकरण निवडायचं. विंडोज १०च्या २०१८मधल्या १८०३ आवृत्तीपासून प्रत्येक प्रोग्रामला वेगळं उपकरणही नेमून देता येतं. संकलनाचा प्रोग्राम हेडफोनवर, बाकी सगळं स्पीकरवर. दोन्हीकडे एकदम तोच आवाज हवा असेल तर दुसरा पर्याय बंदच ठेवा आणि फक्त 'गप्प करा'वाला काढून टाका. मग व्हॉल्यूम एकच राहील आणि स्पीकर त्यांच्या स्वतःच्या बटणानं कमी-जास्त करावे लागतील.

हे पॅनेल प्रत्येक बोर्डावर सारखं दिसत नाही. काहींवर हे पर्याय दिलेलेच नसतात.

पेंग्विनप्रेमी

लिनक्सवाल्यांसाठी: टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडा, एफ ६ दाबून कार्ड निवडा, उजवीकडे सरकत 'ऑटो म्यूट मोड' शोधा आणि तो 'डिसेबल्ड' करा. मग हेडफोन आणि लाइन आउट दोन्हींखाली एम एम दिसत असेल तर एम दाबून उघडा. एवढं करूनही हेडफोन काढला-घातला की पल्सऑडिओ किंवा पाइपवायर हे आवाज हाताळणारे प्रोग्राम आपल्या मतानं पोर्ट बदलतात आणि दुसरी वाट बंद करतात. माझ्या मशीनवर हे दर वेळी होतं, म्हणून मी हेडफोन लावलेलाच ठेवते.

दोन वेगळी कार्डं एकत्र वाजवायची असतील तर पल्सऑडिओचं कम्बाइन सिंक आहे. मॅकवर 'ऑडिओ मिडी सेटअप'मध्ये मल्टी आउटपुट डिव्हाइस बनवता येतं, त्यात 'ड्रिफ्ट करेक्शन'ची खूण करायला विसरू नका.

रात्रीची वेळ

ती खूण कशासाठी?

पेंग्विनप्रेमी

दोन कार्डांत दोन वेगळी क्रिस्टल घड्याळं असतात, आणि दोघांचीही सेकंदाला ४४,१०० नमुन्यांची चाल कधीच तंतोतंत सारखी नसते. फरक दहा लाखांत ५० धरा. तासाभरात १८० मिलिसेकंद होतात. सुरुवातीला दोन्ही एकत्र वाजतात, अर्ध्या तासानं हेडफोन आणि स्पीकरमध्ये प्रतिध्वनी ऐकू येतो. ती खूण केली की एक कार्ड दुसऱ्याच्या चालीनं चालवलं जातं. एकाच कार्डाच्या दोन आउटपुटांना हा त्रास नाही, घड्याळ एकच असतं. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामाला घेऊच नका, आवाज सुरुवातीपासूनच मागे असतो आणि कापायची जागा चुकते.

सोल्डरगन

मंद्रस्वर, चिरचिर ही समोरच्या केबलची नेहमीची तक्रार आहे. ती केबल बहुधा नीट आवरण नसलेली असते आणि कॅबिनेटच्या पोटातून पूर्ण लांबीनं जाते. तुमची ग्राफिक्स कार्डाच्या अंगावरून गेलीय का? तिथून काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला चिकटवून, पॉवरच्या वायरींपासून जितकी दूर जमेल तितकी न्या. जास्त उरलेली लांबी गुंडाळून कार्डाजवळ ठेवू नका. माइक आणि लाइन इन वापरत नसाल तर मिक्सरमध्ये ते म्यूट करा, तिथूनही कचरा आत येतो.

एवढ्यानं गेली नाही तर यूएसबीचा छोटा डॅक घ्या, म्हणजे डिजिटल आवाजाचा विजेचा सिग्नल करणारी डबी. तो कॅबिनेटच्या बाहेर असतो, हेडफोनसाठीच बनलेला असतो, आणि मागचं लाइन आउट स्पीकरला मोकळं राहतं. खरं सांगायचं तर बारीक ऐकण्याच्या कामाला मी थेट तोच सुचवतो.

निवांत श्रोता

माझ्या लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून घूं असा आवाज येतो, चार्जर काढला की शांत. हेही तसलंच का?

सोल्डरगन

नाही, ते बहुतेक ग्राउंड लूप. लॅपटॉप आणि स्पीकर दोघांना विजेच्या वाटेनं जमीन मिळते आणि ऑडिओ केबलनं पुन्हा एकदा. त्या वर्तुळात मेन्सची ५० किंवा ६० हर्ट्‌झची घरघर शिरते. आधी दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावून पाहा. नाहीच गेली तर स्पीकरच्या ऑडिओ केबलमध्ये छोट्या ट्रान्सफॉर्मरचं आयसोलेटर लावा. ते फक्त स्पीकरच्या वाटेत. हेडफोनच्या वाटेत लावलंत तर त्या चिमुकल्या ट्रान्सफॉर्मरला ३२ ओहमचं ओझं झेपत नाही आणि पुन्हा खालचे स्वर जातात. आणि घरघर घालवायला म्हणून प्लगची अर्थिंगची पिन कुणीही कापू नका. ती जिवासाठी आहे.

कर्णवेध

एक काळजीपोटी सांगते. पातळ आवाजाची सवय झालेला माणूस व्हॉल्यूम वर ठेवतो. वाय केबलवर १२ डेसिबल कमी मिळत होते, म्हणजे मंद्रस्वर यांचा स्लायडर वरच असणार. आता खरं हेडफोन आउटपुट मिळालंय, तिथे त्याच जागी ठेवून हेडफोन कानावर चढवू नका. आधी स्लायडर खाली, मग कान. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही मर्यादा सांगते, आणि संकलन करणारे तेवढे तास सहज गाठतात.

मशीन चालू-बंद करताना धप्प होतो तो टाळायचा तर स्पीकर सगळ्यात शेवटी चालू करा आणि सगळ्यात आधी बंद.

मंद्रस्वर

कर्णवेध, स्लायडर ९०वर होता. आता ३५वर पुरतो. वेळेवर सांगितलंत.

केबल ग्राफिक्स कार्डाच्या पंख्याला अक्षरशः टेकलेली होती. ती काढून खालच्या पत्र्यावरून नेली, माइक आणि लाइन इन म्यूट केले. चिरचिर जवळजवळ गेली. मध्यरात्री, निवेदन थांबलेलं असताना, कान देऊन ऐकलं तर किंचित जाणवते. डॅक घेणार आहे, पण काम त्यासाठी अडलेलं नाही.

ड्रायव्हरमध्ये दोन स्वतंत्र प्रवाहांचा पर्याय मिळाला. आता स्पीकर मागे कायमचे, हेडफोन समोर कायमचा. संकलनाच्या प्रोग्राममध्ये आउटपुट बदलायला दोन टिचक्या लागतात. आज दिवसभरात एकदाही टेबलाखाली गेलो नाही. सैल झालेल्या मागच्या सॉकेटाचं काय करावं?

जुनी वायर

आतल्या पत्त्यांची स्प्रिंग थकली की ती पुन्हा ताठ होत नाही. आधी सॉकेटावर हवा मारून धूळ काढा. मग एक आखूड एक्स्टेन्शन केबल मागे लावा, पिन फिरवून जिथे दोन्ही बाजू नीट येतात तिथे ठेवा, आणि केबल कॅबिनेटला पट्टीनं बांधून टाका, म्हणजे सॉकेटावर ओढ येणार नाही. यापुढे काढ-घाल करायची ती एक्स्टेन्शनच्या टोकाला. झिजलं तर ते टोक झिजेल, बोर्ड नाही. समोरच्या सॉकेटालाही आत्ताच तसं करून ठेवा.

तरीही डावी बाजू जात राहिली तर काळ्या सॉकेटात लावून पाहा. काही बोर्डांवर ड्रायव्हर विचारतो, काय जोडलंय, तेव्हा त्यालाच समोरचे स्पीकर म्हणून सांगता येतं.

मंद्रस्वर

एक्स्टेन्शन बांधली, डावी बाजू टिकून आहे. समोरही एक लावली.

सात प्रकरणांपैकी तीन मूळ फाईलवरून पुन्हा केली, इक्वलायझरला हात न लावता. निवेदकांना तिसरं पाठवलं होतं. आत्ता त्यांचा निरोप आला, "हा माझा आवाज." उरलेली चार या आठवड्यात करतो.